आमची खोटी मतपेटी

संशोधनात दोन गोष्टी जमतात, आकडे आणि किस्से. आकडे विद्यापीठाने ठेवून घेतले. किस्से कुठल्याच रकान्यात बसेनात, म्हणून ते आमच्याकडे राहिले. जुनी मंडळी भेटली की अजून निघतात.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळही आला होता. राज्यशास्त्राचे आमचे सर नांदेड-लातूरच्या गावांतून निवडणुकांचा अभ्यास करत होते. सोबत मी आणि जीप चालवणारे सलीमभाई. जीपमध्ये पत्र्याची एक पेटी. मुलाखत झाली की माणसाच्या हाती खोटी मतपत्रिका द्यायची. त्याने आडोशाला जाऊन फुली मारायची आणि घडी करून पेटीत टाकायची. कुणाचं मत कुणाला, हे आम्हालाही कळायचं नाही.

सरांचा हट्ट मात्र एकाच गावासाठी होता. लोह्याजवळच्या त्या गावात दर निवडणुकीला सगळ्यांची मतं पडायची, आणि बौद्ध वस्तीतलं कुणी केंद्रावर गेलेलंच नसायचं! हे सरांना पुराव्यानिशी मांडायचं होतं, तेही महिन्यावर आलेल्या निवडणुकीच्या आत.

*

सुरुवात मतदारयाद्यांपासून. जुन्या जिल्ह्याच्या गावी कळलं, याद्या नव्या जिल्ह्याला गेल्या. नव्या जिल्ह्यात कळलं, गठ्ठे अजून सोडलेले नाहीत. सरांनी कोट काढला आणि फरशीवर बसून गाठी सोडायला घेतल्या. कारकून घाबरला. असं करता येत नाही, वर विचारावं लागेल, म्हणाला.

“विचारून या ना,” सर म्हणाले, “तोवर माझे चार सुटतील.”

सहा सुटले.

*

चाकूरकडच्या एका बड्या शेतकऱ्याने आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा सांगितला आणि लगेच सरांना आडनाव विचारलं. कप कुठला काढायचा ते ठरायचं होतं ना! माझं डोकंच फिरलं. सर फॉर्म चाळत म्हणाले, “जातीचा प्रश्न शेवटून दुसरा आहे. आणि तो मी विचारायचा असतो.”

चहा आला नाही. मुलाखत मात्र पूर्ण झाली!

*

फॉर्मात एक प्रश्न होता, सरकारच्या कारभारावर आपण समाधानी आहात का? पर्याय तीन. किल्लारीकडे एक म्हातारबा रिकाम्या घागरींच्या रांगेत बसले होते. मी तीनही पर्याय नीट वाचून दाखवले.

“बाई, तुमाला टँकर दिसायलाय का?”

मी म्हटलं, नाही.

“मग मला कशाला इचारता? तुमीच लिवा की.”

*

आणि मग ते लोह्याजवळचं गाव. जीप थांबली तोच सरपंचांनी बोलावून घेतलं. पेटी इथेच उघडा, चिठ्ठ्या मला दाखवा, मग पुढे जा, असा हुकूम. सरांनी साफ नकार दिला. सरपंच हसले.

“मास्तर, ह्या गावात मला इचारल्याबिगर मत पडत न्हाई.”

सर माझ्याकडे वळले. “लिहून घे. प्रश्न नऊ, मत कुणाच्या सांगण्यावरून देता. उत्तर मिळालं.”

*

वस्तीतलं एकच नाव आमच्या नमुन्यात आलं होतं, गयाबाई. साठीच्या, रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या. मतदानाच्या दिवशी सकाळीच सरपंचाचा माणूस निरोप आणतो, मतं पडली, उन्हात कशाला येता, असं त्यांनी सांगितलं. बोलतानाही तोच माणूस समोर लिंबाखाली उभा होता.

मी मतपत्रिका दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

“ह्यो कागद खरा हाय का, बाई?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण सरच म्हणाले, नाही मावशी, हे मत मोजलं जाणार नाही, फक्त अभ्यासासाठी आहे.

गयाबाईंनी मान हलवली. सलीमभाईंनी न सांगता जीप मागे घेतली आणि लिंबाखालच्या माणसाच्या नजरेआड करून उभी केली. गयाबाई जीपच्या आडोशाला गेल्या, फुली मारली, घडी पेटीत टाकली. आम्ही वळून बघतो तर अख्खी वस्ती रांगेत!

सर नमुन्याच्या बाबतीत कर्मठ. यादीबाहेरचं एक मत आलं तरी अभ्यास नासतो, हे त्यांनीच आमच्याकडून घोकवून घेतलेलं. त्यांनी रांगेतली डोकी मोजली. मग म्हणाले, “दे सगळ्यांना.” मतपत्रिका संपल्या तेव्हा मी वहीची पानं फाडली.

शेवटी सरांना काय वाटलं कुणास ठाऊक. त्यांनी आपलं शाईचं पेन उघडलं आणि गयाबाईंना म्हणाले, “मावशी, बोट पुढं करा.”

गयाबाईंनी हात मागे घेतला. त्या जीपला वळसा घालून लिंबाखालच्या माणसासमोर गेल्या आणि बोलल्या ते त्याच्याशीच.

“शाई नगं. बोट कोरं ऱ्हाऊ द्या. खरं मत बाकी हाय माझं.”