हाताने बदल करू नये

बटण दाबलं की ती फाईल आपोआप लिहून होते. आमच्या वेबसाइटने दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हिसशी कसं बोलायचं, तो सगळा कोड. पहिल्याच ओळीत सूचना असते: हाताने बदल करू नये.

पूर्वी हा कोड जोशी सर लिहायचे, महिना महिना खपून. काल त्यांनी या फाईलमध्ये फक्त एक अक्षर घातलं. समोरच्या सर्व्हिसने ‘अ‍ॅड्रेस’ एकाच डीने लिहिलाय, आणि मशीनने तो निमूट तसाच उचललाय. सरांनी दुसरा डी घातला, दोन्हीकडचं स्पेलिंग जुळेना आणि ग्राहकांचे पत्ते यायचेच बंद झाले.

“अहो, पण स्पेलिंग चूक आहे ना?”

“चूक तिकडची आहे, सर. आपण तसंच चुकायचं असतं.”

ते शेजारी येऊन बसेपर्यंत मी मुद्दाम थांबलो, मग बटण दाबलं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा डी गेला. सर चष्मा पुसत राहिले.

चूक सगळ्यांनी धरून ठेवली की बरोबर असणाराच अडचण होतो.

मी मुलाखतीला आलो तेव्हा माझ्या बायोडेटातही ‘अ‍ॅड्रेस’मध्ये एकच डी होता. सरांनी तो पेनाने नीट केला होता आणि कुणाला कळू न देता कागद पुढे सरकवला होता.