रानट्याचा पालथा वाडगा

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. गांधीबागेतल्या साड्यांच्या ठोक दुकानात उभं आयुष्य काढलं की माणूस असाच होतो. रेशीम म्हणून आलेल्या मालाचा एक धागा ओढायचा, काडी लावायची आणि वास घ्यायचा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम, प्लास्टिकचा आला तर माल परत. मग व्यापारी कितीही गोड बोलो. माणसांच्या बाबतीतही मी हेच करते, फक्त काडी न लावता. माझा मुलगा म्हणतो, काडीही लावतेस.

हा मुलगा बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला आहे. सकाळी कंपनीच्या बसनं जातो, संध्याकाळी येतो, आणि रविवारी दुपारी त्याचे मित्रमैत्रिणी आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी गोळा होतात. सगळे नोकरी करणारे, जाणते. जेवणाच्या टेबलाभोवती बसतात आणि एक खेळ खेळतात. पत्ते नाहीत, ते मी आधीच पाहून घेतलं होतं. पण चार शिकलेली माणसं एकमेकांच्या कानाला लागून ‘पहिल्यांदा कोणाले मारायचं’ असं बोलत असतील, तर कुठली आई स्वस्थ बसेल? मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकायला लागले.

हळूहळू उमगलं. हा सगळा खेळ तोंडानं चालतो. एकजण मांत्रिक होतो, एकजण चोर, चष्मेवाली पोरगी तिरंदाज. आपण काय करतो ते ज्यानं त्यानं सांगायचं, वीस बाजूंचा एक फासा टाकायचा, आणि पुढं काय झालं ते माझा मुलगा सांगणार. खेळ चालवणारा तो. वाटेत भेटणारी बाकीची सगळी माणसं, म्हणजे पहारेकरी, राजा, खानावळवाली, भूतसुद्धा, एकटा तोच बोलतो. ज्याला कुणी वाली नाही ते सगळे ह्याच्या पदरात.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं एक रानटी बनवायला घेतला. डोंगरातल्या टोळीतला, खिंडीवर एकटा बसणारा. त्याच्या मदतीशिवाय ह्या मंडळींना पलीकडे जाता येणार नव्हतं. मी भाजी परतत असताना ओट्याला टेकून तो मला त्याची कृती सांगायचा.

“आई, लोक रानटी म्हंजे कुऱ्हाड, केस आन बोंबलणं एवढंच बनवतात. तसा रानटी एकदा लढला का संपला. तो ध्यानात राहाले पाहिजे तर त्याले एक सवय द्या लागते, एक भीती द्या लागते, आन एक अशी गोष्ट, जे तो मेला तरी करत नाही.”

“आन राग?”

“राग तर आहेच. राग चढला का त्याले घाव कमी लागतात. पण राग उतरला का मंग मोठा थकते तो.”

हे मात्र खरं बोलला. मला राग येतो तेव्हा मलाही काही लागत नाही, नंतर मात्र गुडघेही दुखतात. मी म्हटलं, “त्या रानट्याले म्हणा, मिठाचा डबा दे.” आणि विषय तिथंच संपला.

मग एका रविवारी तो रानटी आमच्या घरात पहिल्यांदा बोलला. मी पोहे आणि वर ओतायची झणझणीत तर्री घेऊन बाहेर आले होते. “आधी खा, मग तुमच्या लढाया,” असं त्यांना दटावून आत वळले, आणि मागून मुलाचा आवाज आला. त्याचा नेहमीचा आवाज नव्हे. घशातून काढलेला, खरबरीत.

“आधी जेव, मंग भांड,” रानटी मांत्रिकाला म्हणाला. मुलानं पुढं वर्णन केलं, की रानट्यानं रस्सा संपवला, वाडगा जमिनीवर पालथा घातला, आणि गुहेच्या दाराकडे तोंड करून बसला.

मी आत न जाता पुन्हा मागे वळले.

कारण हा माणूस मला माहीत होता. माझा नवरा. लग्न झाल्यावर पहिल्या भांडणात तो मला हेच म्हणाला होता, “आधी जेव, मंग भांड,” आणि तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. चहा संपला की कप बशीत पालथा घालायचा, म्हणजे आता वाढू नका, विचारूही नका. आणि बसायचा तो कायम दाराकडे तोंड करून. पळायची तयारी आधीपासूनच होती, हे मला उशिरा कळलं. तो घर सोडून गेला तेव्हा हा मुलगा रांगत होता. घरात त्याचा एक फोटो मी ठेवला नाही. त्याचा विषय आमच्याकडे निघत नाही, म्हणजे मी निघू देत नाही. मग रांगणाऱ्या लेकराला बापाचा पालथा कप कुठून ठाऊक?

त्यात आदल्या दिवाळीला माझी बहीण बोलून गेली होती, की तिनं त्याला पाहिलं. बुटीबोरीच्या बसथांब्यावर. मी तिला उडवून लावलं होतं. आता दोन्ही धागे जुळले. मुलगा बापाला चोरून भेटतो आहे, आणि घरी येऊन त्याच्या सवयी टेबलावर मांडतो आहे. वीस-बावीस वर्षं मी एकटीनं राबले, आणि तो आयता येऊन पोरगा घेऊन जाणार! त्या रात्री मी जेवले नाही. मुलानं विचारलं तर डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

सरळ विचारायला मी घाबरत होते. ‘हो’ म्हणाला असता तर मी काय करणार होते? म्हणून मी दुसरं केलं. त्याचा टिफिन धुताना दुसऱ्या घराच्या मसाल्याचा वास येतो का ते हुंगून पाहिलं. बसचा उशीर झाला की कारण खोदून विचारलं. काही हाती लागेना. तेवढ्यात त्यांच्यातल्या चोराची पुण्याला बदली झाली आणि एक खुर्ची रिकामी पडली. मी म्हटलं, मी बसते.

पोरं टाळ्या पिटत हसली. “काकू, तुम्ही?” मुलगा मात्र हसला नाही. माझ्याकडे नवलानं पाहत राहिला, आणि मग त्याचा चेहरा असा उजळला, की माझा संशय आणखी बळावला. त्यानं मला वैदूबाई केलं, जडीबुटी जाणणारी. मी दाराकडे तोंड करून खुर्ची ओढली आणि बसले.

मंडळी पुन्हा गुहेत पोचली. रानट्यावर अजून कुणाचाच विश्वास नव्हता. मांत्रिक म्हणत होता, हा आपल्याला दरीत ढकलणार. चष्मेवालीनं बाण लावूनच ठेवला होता. मी म्हटलं, “थांबा, मला त्याच्याशी बोलायचं आहे.”

“बोला,” मुलगा खरबरीत आवाजात म्हणाला.

“घर कुठं आहे तुझं?”

“हेच.”

“बायको?”

“एकटाच आहो.”

“लेकरू?”

तो फासा बोटांत फिरवत राहिला. “आहे एक. मोठं झालं आता.”

मी समोरचा चहा एका घोटात संपवला, कप बशीत घातला आणि विचारलं, “भेटतोस का त्याले?”

“रोज भेटतो,” रानटी म्हणाला. “पण बोलणं भांडणाच्या पुढं जात नाही.”

रोज! म्हणजे सुट्टीच्या दिवशी नाही, सणावाराला नाही, रोज. माझं डोकं फिरलं. “मी त्याच्या रश्श्यात विष घालते,” मी जाहीर केलं. मांत्रिक घाईनं म्हणाला, “काकू, खिंड ओलांडाची आहे अजून!” मी ऐकलं नाही. फासा भिरकावला. तीन पडले.

तीन म्हणजे फजिती. रानट्याला वास आला होता. त्यानं कुऱ्हाड उचलायला हवी होती, सगळे त्याच तयारीत होते. मुलगा हळूच म्हणाला, “तो वाडगा पालथा घालते. आपल्या वाटचं भाजलेलं मटण वैदूबाईकडं सरकवते. म्हणते, आधी जेव, मंग भांड.”

“बस!” मी टेबलावर हात आपटला. “बस झालं हे नाटक!”

पोरं शहाणी. चष्मेवाली म्हणाली, खाली जाऊन पान खाऊन येतो, आणि सगळ्यांना घेऊन जिना उतरली. टेबलाशी आम्ही दोघंच उरलो.

“कधीपासून भेटून राहिला गा तू त्याले?” मी विचारलं.

“कोणाले?”

“तुह्या बापाले!”

तो हसला. मग मी थट्टा करत नाही हे त्याला दिसलं, आणि हसू तोंडावरच विरलं. “बाबाले? मले तर त्यायचा चेहराबी माहीत नाही, आई. तू काहून असं म्हणून राहिली वं?”

“मंग हे कुठून आणलं? जेव मंग भांड, पालथा वाडगा, दाराकडं तोंड?”

त्यानं माझ्यासमोरच्या बशीकडे पाहिलं. मीही पाहिलं. बशीत माझा कप पालथा होता. चहाचा शेवटचा थेंब काठाखालून बाहेर आला होता. समोर दार होतं, आणि बाकीच्या खुर्च्या सोडून मी नेमकी हीच खुर्ची ओढली होती.

“मले वाटलं, तुले ओळखू आलं असन,” तो म्हणाला. “म्हणून तू खेळाले बसली असशीन.”

“ह्या माह्या सवयी नाहीत,” मी म्हटलं. “त्याच्या आहेत.”

“मी तर तुह्याच पाहिल्या. आधी खा, मंग लढाया, हे बी तूच म्हणते.”

मला राग आणायचा होता, घाव कमी लागले असते. पण राग येईना. ज्याचा फोटोसुद्धा मी घरात ठेवला नाही, त्याला मी वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी वागवत होते, रोज दोन वेळा, मुलाच्या डोळ्यांदेखत. बहिणीनं पाहिलेला माणूस खरा होता की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. रडू मात्र आलं, ते मी लपवलं नाही.

“त्याले भीती कशाची आहे?” मी विचारलं. “रानट्याले.”

“आपण पाठ केली का कोणी न सांगता निघून जाईन, याची.”

“आन ते दुसरं? मेला तरी करत नाही ते?”

“तो कोणाले थांब म्हणत नाही,” मुलगा म्हणाला. मग डोळे पुसून उठला. “ते सारे खाली उभे असतीन. बलावून आणतो.”

तो चपला घालून दाराशी गेला. मी नेहमीसारखी बघत होते. जायचं तर जा, हे वाक्य माझ्या जिभेवर कायम तयार असतं. मी कप उचलला, उलटला आणि बशीत सरळ ठेवला.

“थांब गा,” मी म्हटलं.

तो थांबला. परत आला, काही न विचारता किटलीतला उरलेला चहा माझ्या कपात ओतला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. चहा गार झाला होता, साखरही कमी होती. मी प्यायले.