लाटेवरच्या मावशी

मावशी लाटेवर फळीवर उभ्या राहून हातातली बोटीची दोरी सोडून देत, तेव्हा काठावरचं बोलणं थांबायचं. साठी ओलांडलेली नागपूरची बाई, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात लाइफ जॅकेट, आणि पुढे चाललेल्या बोटीची लाट त्यांना नुसती ढकलत नेतेय. मी अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात नवा होतो. मराठी मंडळात ओळख झाली, मावशींच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, तळ्यावरच्या केबिनला, त्यांच्या सुट्टीतल्या घरी बोलावलं, तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि देवळात उभं राहावं तसा उभा राहिलो.

बोट काका चालवत. या खेळासाठीची बोट पोटात पाणी भरून घेते, मागून जड होते आणि उंच लाट उठवते. "पडायची भीती गेली की नुसती मजा," मावशी म्हणत. सकाळची एक फेरी झाल्याशिवाय त्या चहाला हात लावत नसत.

काही चांगलं केलं की शेजारी नेऊन द्यायचं, ही त्यांची दुसरी सवय. एका शनिवारी पोह्यांचा डबा घेऊन त्या हेलनकडे निघाल्या, मीही सोबत गेलो. हेलन म्हणजे पलीकडच्या घरात एकटी राहणारी म्हातारी. तिच्या काठावरचं बर्चचं जुनं झाड पाण्यात आडवं पडलं होतं. लाटांनी मुळाखालची माती नेली, एवढंच ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मावशींनी तिथूनच काकांना फोन केला, नेहमीसारखी एक फेरी मारा म्हणून सांगितलं आणि काठावर बसून राहिल्या. बोट लांबून निघून गेली. जरा वेळाने लाट आली, काठावर आपटली आणि परतताना माती घेऊन गेली. पाणी चहाच्या रंगाचं झालं. मावशींनी ते पाणी ओंजळीत घेतलं. मग म्हणाल्या, "बोटीमागून जाताना काठाकडे कधी बघितलंच नाही रे."

त्याच उन्हाळ्यात गावच्या मीटिंगमध्ये या छोट्या तळ्यावर अशा लाटा बंद करायचा विषय निघाला. मावशी आपल्याच बाजूने बोलणार, याची बोटवाल्यांना खात्री होती. मावशी उठल्या आणि इंग्लिशमध्ये सावकाश बोलल्या. हेलनच्या काठाची माती माझ्या लाटांनी गेली आहे, आणि इथे कुणालाही नसेल इतकं त्या लाटांचं वेड मला आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. पुढे म्हणाल्या, "म्हणूनच मी आपणहून थांबेन यावर विसंबू नका. नियम करा." काका मान खाली घालून बसले होते. एवढं आवडणारं काही कुणी स्वतःहून असं सोडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

नियम झाला, बोट विकली. बोटवाल्यांपैकी दर रविवारी जेवायला येणारी दोन घरं बोलेनाशी झाली. काकाही बरेच दिवस घुम्यासारखे वागले. मग एका सकाळी आपणच फावडं घेतलं आणि हेलनच्या काठावर गवत लावायला मावशींबरोबर गेले.

गेल्या सप्टेंबरात दोघं मुलीकडे ॲरिझोनाला कायमची राहायला गेली. सामान ट्रकमध्ये चढत होतं. लाटेची आठवण येते का, मी विचारलं.

"रोज येते," मावशी म्हणाल्या.

मग चपला काढून त्या हेलनच्या काठावर गेल्या. गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. अगदी कडेला उभं राहून त्यांनी पायाने जोर देऊन पाहिला. माती हलली नाही.