'इंडियन' खणातली टोपी

ग्लासगोच्या आमच्या मराठी मंडळात सुप्रभा देवस्थळींना सगळे ओळखतात ते त्यांच्या शिवणामुळे. मुलांच्या नाटकाचे कपडे असोत की कुणाच्या पैठणीला गेलेली चीर, सगळं त्यांच्याकडे जातं. मिरजेहून त्या १९८३ साली इथे आल्या. नवरा ज्ञानेश्वर भूलतज्ज्ञ. सुप्रभाताईंनी स्वतः सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून शहरातल्या एका म्युझियमच्या स्टोअरमध्ये आठवड्यातून दोन दिवस व्हॉलंटिअर म्हणून जायला लागल्या. जुन्या कापडांवरची धूळ काढायची, फोटो घ्यायचे, यादी जुळवायची, एवढंच काम.

पुढचं सगळं मी त्यांच्याच तोंडून, तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. आपणहून त्या कधी सांगत नाहीत.

चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात तिथली क्युरेटर मोराग एक पेटी घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली. म्हणाली, "सुप्रभा, हे तुमच्याकडचं. लहान मुलाचं काहीतरी असावं."

रजिस्टरमध्ये एका जहाजाच्या नावापुढे १८४० च्या सुमाराची एक ओळ होती : 'इंडियन टोपी, कॅप्टनच्या पत्नीकडून भेट.' 'इंडियन' या एका शब्दामुळे टोपी तेव्हापासून हिंदुस्थानच्या खणात, काश्मिरी शालींच्या शेजारी पडून होती.

आकार खरंच आपल्या कुंचीसारखा होता. वर टोक, बाजूंनी कानांवरून खाली उतरलेली. पण माप मोठ्या बाईच्या डोक्याचं. गडद निळं लोकरी कापड, कडेला रेशमी फीत, आणि सगळीभर खसखशीएवढे पांढरे मणी. मण्यांच्या रेषा जोडीजोडीने वळत गेलेल्या, दोन कोंब एकमेकांकडे झुकावेत तशा. सुप्रभाताईंनी भिंग लावून तासभर पाहिलं. एकही मणी सुटलेला नव्हता.

"मोराग, ही आमची नाही," त्या म्हणाल्या.

"मग कुणाची?"

"माहीत नाही. पण ज्यांची आहे त्यांना ती इथे आहे हे ठाऊक नसणार."

तो अख्खा हिवाळा त्यांनी शोधण्यात घालवला. दुसऱ्या म्युझियमचे फोटो लावून पाहिले, जहाजांच्या याद्या वाचल्या. कॅप्टनचं जहाज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला जायचं, तिथल्या मूळ रहिवासी मिकमाक लोकांच्या बायका अशा टोप्या घालायच्या, आणि गोरे त्यांनाही 'इंडियन'च म्हणायचे, इतकं फेब्रुवारीपर्यंत हाती लागलं. मग त्या मिकमाकांबद्दल वाचत सुटल्या.

"अहो, ऐका ना," त्या नाश्त्याला ज्ञानेश्वररावांना सांगायच्या. "आधी फ्रेंच आले. मासे, फर, मागोमाग पाद्री. हे मणी, हे कापड त्या व्यापारातूनच आलं. मग ब्रिटिशांनी फ्रेंचांना हटवलं. पण जमीन ज्यांची, त्यांना कुणी विचारलंच नाही. १७४९ मध्ये गव्हर्नरने मिकमाक माणसाच्या डोक्याच्या कातडीवर बक्षीस लावलं. ऑफिशियल ऑर्डर काढून."

ज्ञानेश्वररावांनी टोस्ट खाली ठेवला. "आणि तरी ते टिकले?"

"टिकले. नदीकाठ गेला, रिझर्व्हवर, म्हणजे सरकारने राखून दिलेल्या तुकड्यांवर ढकलले, मुलं बोर्डिंग शाळांत नेऊन त्यांची भाषा तोडली. तरी आहेत. मला हेच कळत नाही, असल्या दिवसांत कुणी बसून इतके बारीक मणी कसे ओवले असतील?"

मोरागने सुप्रभाताईंनीच लिहिलेल्या मजकुरावर सही करून कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका मिकमाक वस्तीच्या ऑफिसला ईमेल पाठवली. अकराव्या दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्या बाई होत्या अ‍ॅग्नेस पॉल, वय एकोणऐंशी, वस्तीतल्या मानाच्या वडीलधाऱ्या. मजकूर दोनच ओळींचा. आम्ही मे महिन्यात येतो. तोपर्यंत तिला अंधारात ठेवू नका.

सुप्रभाताईंनी एक आग्रह धरला. पूर्वी म्युझियमवाले किडीसाठी कापडावर आर्सेनिक मारत, तेव्हा टोपीची तपासणी करून घ्यायची. लॅबमधली सवय. विष नव्हतं. म्हणून मे महिन्यात अ‍ॅग्नेसबाई भाचीचा हात धरून आल्या, तेव्हा टोपी हातमोज्यांशिवाय धरता आली.

त्यांनी ती दोन्ही तळव्यांवर घेतली. मग त्यांनी टोपीशी, अगदी हळू आवाजात, स्वतःच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. घरी परतलेल्या मुलीची विचारपूस करावी तसा स्वर होता. सुप्रभाताईंना शब्द एकही कळला नाही. मोराग दाराशी खिळून उभी.

"शाळेत आम्ही ही भाषा बोललो की साबणाने आमचं तोंड धुवायचे," अ‍ॅग्नेसबाई नंतर इंग्रजीत म्हणाल्या. "चाळिशीत मी परत शिकले. जिने ही शिवली ती माझं बोलणं ऐकून हसत असेल." मग त्यांनी रजिस्टर मागितलं आणि ती ओळ वाचली. "कॅप्टन आहे, कॅप्टनची बायको आहे, जहाजाचं नावसुद्धा आहे. हिचं नाव नाही."

तेव्हा सुप्रभाताई पुढे झाल्या. बोलावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "मला एक गोष्ट दिसलीय. ती डावखुरी होती."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"माझी आई डावखुरी होती. तिचे टाके असेच उलट्या बाजूला झुकायचे." त्यांनी भिंग पुढे केलं. "आणि इथे बघा. ही रेघ चुकली होती. तिने उसवली, परत घातली. भोकं अजून दिसतायत."

अ‍ॅग्नेसबाईंनी भिंगातून पाहिलं. बोट त्या भोकांवरून पुढे मागे फिरलं. "दोनशे वर्षांनी मला तिच्याबद्दल काहीतरी कळलं," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. सुप्रभाताई त्यांच्या शेजारी बसल्या. मग दोघी म्हाताऱ्या जेवणाची वेळ टळेपर्यंत टाका न् टाका बघत राहिल्या.

टोपी परत द्यायची असं ट्रस्टींनी ठरवायला आणखी दोन वर्षं गेली. कागदपत्रं, बैठका, विमा. मागच्या जूनमध्ये मोराग ती घेऊन निघाली, तेव्हा वस्तीवरून खास निरोप आला की टाके वाचणाऱ्या बाईंनीही यावं. ज्ञानेश्वरराव त्यांना एअरपोर्टवर सोडून आले.

वस्तीच्या हॉलमध्ये तीनशे माणसं होती. ढोल थांबले. एक्याऐंशी वर्षांच्या अ‍ॅग्नेसबाईंनी टोपी डोक्यावर घातली आणि सबंध हॉलला एक फेरी मारली, सावकाश, प्रत्येकासमोर थोडं थांबत. कुणी टाळी वाजवली नाही. माणसं फक्त उठून उभी राहत गेली. कडेवरच्या पोरांना आया ते मणी दाखवत होत्या.

"मी लहानपणापासून देवळं पाहिलीत," सुप्रभाताई मला म्हणाल्या. "पण इतकी माणसं एका वस्तूपुढे अशी गप्प झालेली मी पाहिली नव्हती. मला वाटलं, आपण इथे उभं राहायच्याही लायकीचे नाही. आणि तरी त्यांनी मला पुढे बसवलं होतं."

दुपारी टेबलं लावली. निळं लोकरी कापड, मण्यांचे डबे. वस्तीतल्या बाराएक बायकांना तशीच टोपी शिवायची होती, त्यातल्या तिघी डावखुऱ्या. तो झुकता टाका कसा पडतो हे त्यांनी विचारलं. सुप्रभाताईंनी चष्मा लावला, आईचा हात आठवत सुई डाव्या हातात घेतली आणि दाखवायला लागल्या. पहिले चार टाके वाकडे गेले. ते त्यांनी उसवले.