विहीणबाई थुंकल्या तो रविवार

कार्तिकातला शेवटचा रविवार, दुपार, परळ, ताईचं घर. हजर: माझी थोरली बहीण म्हणजे ताई, मी, आणि फोनच्या पडद्यावर ग्रीसमधल्या एका खेड्यातून ताईची लेक आणि तिच्या सासूबाई. विषय एकच: लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला ताई जाणार की नाही.

रीतीप्रमाणे लेकीनेच माहेरी यायचं. पण डॉक्टरांनी तिला विमान नको म्हटलं होतं. लग्न दादरला झालेलं, सासूबाईंचे गुडघे धरलेले म्हणून त्या आल्या नव्हत्या. ते गाव आम्ही फोनवरच पाहिलेलं. डोंगराच्या उतारावर दगडी घरं, ऑलिव्हची झाडं, एक चर्च आणि कॉफीचं एक दुकान, तिथे दिवसभर पत्ते कुटणारे आजोबा. मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद. आसपासची खेडी मिळून एक नगरपालिका केलीय. तिचं ऑफिस, दवाखाना, सगळं खाली दरीतल्या गावात. डॉक्टर आठवड्यातून दोनदा वर येतो. पालिकेची कचऱ्याची गाडी वळणावर अडकली की पत्ते टाकून सगळे आजोबा ढकलायला जातात, हे लेक अगदी कौतुकाने सांगायची.

ताईला त्याचं कौतुक नव्हतं. “इथे खिडकीतून खडा मारला तर इस्पितळाला लागेल. आणि ही कुठे जाऊन बसली बघ!”

त्या दुपारी लेक उभी राहिली, आम्हाला पोट दाखवलं. सासूबाई कौतुकाने हसल्या, आणि पोटाकडे तोंड करून तीनदा ‘फ्तू, फ्तू, फ्तू’ केलं.

ताईने फोनच बंद केला.

“थुंकली गो ती! माझ्या पोरीवर!”

“ताई, हसत होत्या त्या.”

“हसत हसत थुंकते, ते आणखी वाईट. तू तिची बाजू घेऊ नकोस. मी नाही जाणार. लेकीलाच इथे आणते, डॉक्टर कसा नको म्हणतो बघते.”

फोन वाजत राहिला. ताईने मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या, लेकीच्या फोटोवरून उतरवल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन तापल्या तव्यावर टाकल्या. तडतड सुरू झाली. मी फोन उचलला.

“मावशी, आईला सांग ना,” लेक रडवेली झाली होती. “खरं नाही थुंकत गं. कौतुक केलं की दृष्ट लागू नये म्हणून इथे तसा नुसता आवाज करतात. आणि सासूबाई विचारतायत, बाळ झाल्यावर चाळीस दिवस मला घराबाहेर सोडणार नाहीत, ते आईला चालेल ना?”

मी स्पीकर लावला. ताई उलथनं हातात घेऊनच बाहेर आली.

“चाळीस? आपला तर सव्वा महिनाच. कानाला बांधायला देते का काही?”

“लोकरीची टोपी विणून ठेवलीय, आई.”

“आणि गार पाणी?”

“हात लावू देणार नाहीत म्हणे.”

ताईने आत जाऊन गॅस बंद केला. “बाई बरी दिसते,” तिथूनच म्हणाली. “तिकिटाचं बघ.”

व्हिसा आला, तिकीट झालं. हिंदमाताला जाऊन विहीणबाईंसाठी शालही घेतली. राहिलंय ते एवढंच: तोंडावर बंद केलेला तो फोन ताईने स्वतः परत लावायचा. मी आठवण केली की म्हणते, “लावते गो. आधी डिंकाचे लाडू वळून होऊ देत.”