दारफळणीच्या दिवशी खेळलेली मॅच

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, पुस्तकांचं एक कपाट आहे आणि त्यात देवापेक्षा बेसबॉल जास्त आहे. ज्यू खेळाडूंची चरित्रं, लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं, फोटोंचे जाड ठोकळे, वर कुणा खेळाडूचा चेहरा छापलेले दोन मगसुद्धा. बरीचशी पुस्तकं एकाच गोष्टीभोवती फिरतात: योम किप्पूरच्या उपासाला महत्त्वाची मॅच आली आणि गडी खेळायला गेला नाही. एका मॅचवर एवढी पुस्तकं! मी ठाण्यात वाढलेली बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारी ज्यू. बेसबॉल मला अजून अर्धाच कळतो. पण ही पुस्तकं पाहिली की मला आतून मिरवावंसं वाटायचं, कारण तसलाच एक गडी माझ्या घरी बसून रोज सकाळी शुगर तपासत होता. माझे पपा.

पपा तरुणपणी कंपनीच्या टीमकडून क्रिकेट खेळायचे. एका वर्षी फायनल नेमकी दारफळणीच्या सणाला आली. योम किप्पूरचं हे आमचं जुनं नाव. पूर्वी आमची माणसं त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालून दिवसभर उपास आणि प्रार्थना करायची. त्या सणानंतर पपांनी बॅट हातात धरली नाही. घरात याहून जास्त कुणी बोलायचं नाही, म्हणून उरलेलं मी लहानपणीच जोडून टाकलं. पपा खेळले नाहीत, टीमनं काढून टाकलं, पपा झुकले नाहीत. नवऱ्याला हेच सांगितलं, मुलीकडून तर जवळजवळ पाठ करून घेतलं.

मागच्या वर्षी सणाच्या आधी, कपाट सांभाळणाऱ्या बाईंनी भिंतीवर प्रदर्शन मांडायचं ठरवलं. विषय अर्थातच मॅच सोडणारे खेळाडू. मी पपांचा फोटो आणि पोस्टकार्डाएवढा मजकूर घेऊन गेले. बाई सत्तरीच्या, गोड बोलून नाही म्हणण्यात तरबेज. "पण हा बेसबॉल नाही ना," त्या म्हणाल्या. "उपास तर तोच आहे," मी म्हणाले आणि पदर खोचला. तीन आठवडे मी त्यांना मेल पाठवत राहिले. शेवटी त्यांनी हात टेकले आणि कोपऱ्यात का होईना, पपा भिंतीवर लागले.

रविवारी मी पपांना दाखवायला घेऊन गेले. ब्याऐंशीव्या वर्षी ते इंग्रजी ओळीखाली बोट धरून वाचतात. वाचून झाल्यावर म्हणाले, "काढ हे."

"का? फोटो आवडला नाही?"

"मी खेळलो होतो."

मला आधी कळलंच नाही. मग तिथेच, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी सगळं सांगितलं. सकाळची प्रार्थना अर्ध्यावर असताना त्यांनी वडिलांना डोकं दुखत असल्याचं सांगितलं आणि मैदान गाठलं. कपडेही बदलावे लागले नाहीत, त्या दिवशी सगळेच पांढऱ्यात. पाण्याचा थेंबही न घेता खेळले. संध्याकाळी शेवटच्या प्रार्थनेला परत आले, तेव्हा चेंडू घासून घासून पँटवर लाल पट्टा उमटला होता.

"माझ्या वडिलांनी तो पाहिला," पपा म्हणाले. "काही बोलले नाहीत. जरा सरकून मला शेजारी जागा दिली. एक थोबाडीत दिली असती ना, तर मी पुढच्या रविवारी खेळायला गेलो असतो."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर आधी राग आला. तीन आठवडे मी कुणासाठी भांडले होते? "पपा, कार्ड ऑलरेडी लावलंय. सगळ्यांनी अप्रिशिएट केलंय. आता इतक्या वर्षांनी कोण चेक करणार आहे?"

"ज्यांनी खरंच मॅच सोडली, त्यांच्या रांगेत मला खोटं उभं करू नकोस. खेळला असं लिही. नाहीतर मीच काढतो." आणि ते टाचणी उपटायला लागले. माझा हट्टीपणा कुठून आलाय, ते तेव्हा कळलं.

तिथल्याच टेबलावर बसून मी नवं कार्ड लिहिलं. खोटं सांगून गेला, उपाशी खेळला, परत आला, वडील बोलले नाहीत. पपांनी प्रत्येक वाक्य मराठीत विचारून घेतलं आणि मान हलवली. मग आम्ही दोघं बाईंकडे गेलो.

बाईंनी कार्ड दोनदा वाचलं. मी मनात वादाची तयारी केली होती: हे लावणार नसाल तर जुनं कार्डही काढा, फोटोही परत द्या. बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता पपांना विचारलं, "मग रन्स किती केले?"

"सिक्स्टी-एट," पपा म्हणाले. "नॉट आउट." आणि त्या अनोळखी बाईंसमोर माझे पपा हुंदके देऊन रडायला लागले.

साठ वर्षांत घरातल्या कुणीच त्यांना हे विचारलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी नाही, त्यांच्या आईनं नाही. आणि आता सगळं ऐकून, स्वतःच्या हातानं लिहूनही, मीही विचारलं नव्हतं.