पाटेवाल्या अण्णांच्या कडक स्प्रिंगा

पौडचे पाटेवाले अण्णा माणसाआधी गाडीला हात लावत. ‘या, बसा’ नंतर. आधी ते उकिडवे बसून चाक आणि मडगार्डच्या फटीत बोटं घालत आणि गाडी किती दबली आहे ते सांगत. शेडमध्ये मापाची टेप होती, पण खुंटीवर गंजत. कोणी कागदावर इंचात माप लिहून आणलं, तर वाचून परत देत आणि म्हणत, “हे कागदाचं झालं. आता गाडीचं बघू.”

जीपचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवावेत तर अण्णांनीच, असं मुळशीत सगळे म्हणत. काम झालं की ते मालकाला शेजारी बसवून खडबडीत रस्त्याने एक फेरी मारत आणि एकच प्रश्न विचारत, “पोटातलं पानी हललं का?” हललं म्हणणारा मी पाहिला नव्हता. कोणाची छाती होती?

ऐंशी सालानंतर मी एक जुनी छोटी मोटार घेतली. कोळवणला आमच्या विहारापुढे उभी राहिलेली ती पहिलीच मोटार, त्यामुळे मी जरा हवेतच होतो. घेतली होती मात्र ताईसाठी. माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे, दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेलेले. पौडच्या शाळेत ती नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती आणि मी तिथल्याच एका कचेरीत कारकून. तिला रोज न्यायचं-आणायचं, असा बेत होता.

बेत पहिल्याच दिवशी फसला. गाडीची सीट तिच्या चाकाच्या खुर्चीपेक्षा दोन बोटं उंच. उतरणं जमे, पण हातांवर जोर देऊन वर सरकता येईना. खुर्चीवर गादी घातली तर गादीच आधी घसरे. शेवटी शाळा सुटल्यावर फाटकात, सगळ्या मुलांदेखत, मी तिला उचलून गाडीत ठेवलं. घरी आल्यावर ती म्हणाली, “असं रोज होणार असेल तर मी नोकरी सोडते.”

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि गाडी खाली घ्यायचं ठरवलं. तेव्हा काहीजण स्प्रिंग तापवून दाबत. अण्णांना ते मुळीच पटत नसे. तापवलेली स्प्रिंग मग बसतच जाते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जुन्या ढिगातून दोन सारख्या स्प्रिंगा निवडल्या, फरशीवर शेजारी उभ्या केल्या, वर फळी टाकली आणि दोन्ही सारख्या दबतात का ते बघायला मलाच तिच्यावर बसवलं. बाईंना धक्का लागू नये म्हणून मुद्दाम मऊ निवडल्या होत्या. सीट खुर्चीच्या बरोबरीला आली आणि गाडी पाळण्यासारखी चालू लागली. आम्ही खूश.

रविवारी आई, वडील, मावशी आणि ताईला घेऊन रिह्याला निघालो. ओढ्याच्या उतारावर खालून धाडकन आवाज आला. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर दगडावर फुटलं होतं. आमची ऐटबाज मोटार बैल जोडून परत आणावी लागली, आणि ती कोणाकोणाला दिसली याची यादी मावशीने वर्षभर सांगितली.

अण्णा गाडीखालून बाहेर आले ते मान खाली घालूनच. चूक माझी, म्हणाले. बाई चढतात तेव्हा गाडी रिकामी, ओढ्यात जाते तेव्हा भरलेली. त्यांनी एकच वेळ धरली होती. आखूड आणि कडक स्प्रिंग टाकली तर गाडी रिकामी असताना खाली राहील आणि भरल्यावर फार दबणार नाही. पण ती टाकायला ते तयार नव्हते.

“लई धक्के बसतील. बाईंची कंबर जाईल. त्यापरीस गाडी व्हती तशी उंच करतो.”

ताई शेडच्या दारात खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, “अण्णा, धक्के मी सोसते. मुलांसमोर उचलून घेणं मला सोसत नाही.”

अण्णांनी हातातला पाना पुसून ठेवला. मग त्यांनी आतून जाड तारेच्या दोन स्प्रिंगा काढल्या. त्या करवतीने, न तापवता, अर्धा-अर्धा वेढा कापायला त्यांना दोन दिवस लागले. मागचे पाटेही बदलले. या वेळी माणसांच्या जागी तांदूळ भरला. आईला अर्धं पोतं धरलं, मावशीला पाऊण. तशी गाडी घेऊन ते स्वतः ओढ्यात उतरले आणि दगडावर आडवे होऊन चेंबरखाली हात घातला. चार बोटं आरामात गेली.

सोमवारी शाळा सुटताना अण्णा फाटकाशी हजर. ताईने खुर्ची गाडीला लावली. मी सवयीने पुढे झालो, तर त्यांनी माझी बाही धरली. “हात मागं घ्या.” ताई एकदा अडली, पुन्हा जोर दिला आणि सीटवर सरकली. मुलं पाटी-दप्तर घेऊन आपापल्या वाटेने जात होती. कोणी वळूनही पाहिलं नाही. मला हुंदका आला, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ताईनेच शेडपुढे गाडी थांबवायला सांगितली. “अण्णा, पोटातलं पाणी सगळं हललं.” त्यांच्या कामाबद्दल असं बोललेली ती पहिलीच. अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पुढे कित्येक वर्षांनी अण्णा गेले. आम्ही भेटायला गेलो. अंगणात गाडी थांबली तशी त्यांच्या घरची चार माणसं मायेने ताईला उचलायला धावली. ओट्यावरून अण्णांच्या बायकोने त्यांना थांबवलं.

“बाईंना कुणी हात लावायचा न्हाई. ह्यांनी सांगून ठिवलंय.”

सगळे जागच्या जागी उभे राहिले. ताईने खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश, आपली आपण, उतरली.